चार दाणे आणि एक ब्रश
(पाखरांच्या हिवाळ्याबद्दल वाचकांचे प्रश्न)

थंडी पडली की माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग वाढतो. उन्हाळ्यात कुणाला पाखरांची आठवण येत नाही असं नाही, पण हिवाळ्यात खिडकीतून दिसणारी फुगून बसलेली चिमणी माणसाला जास्त अस्वस्थ करते. यंदाच्या ढिगातली ही काही पत्रं. मी पक्षीशास्त्रज्ञ नाही. एकतीस हिवाळे पाखरांना दाणे घालायचे फीडर टांगलेत, बऱ्याच चुका केल्यात आणि एक वही ठेवली आहे, एवढंच माझं भांडवल.

ताई, गेली तीन वर्षं थंडीत रोज सकाळी दाणे घालतो. यंदा मुलीकडे पंधरा दिवस जायचं आहे. पत्नी म्हणते, "पाखरांना सवय लागलीय, ती उपाशी मरतील, तुम्ही जाऊ नका." काय करू?

मुलीकडे जा.

तुमच्या पत्नीची शंका वेडगळ नाही, शास्त्रज्ञांनाही ती पडली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅनली टेंपल या दोघांनी ब्लॅक-कॅप्ड चिकडी नावाच्या पाखरावर काम केलं. पाखरू जेमतेम अकरा-बारा ग्रॅमचं आणि थंडी अशी की सगळं गोठून जातं. 1988 साली त्यांनी जे छापलं त्यात फीडरचा फायदा स्पष्ट होता: जिथे फीडर होते तिथली 69 टक्के पाखरं हिवाळा काढून गेली, जिथे नव्हते तिथली 37 टक्के. फरक मुख्यतः कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांतला होता. सौम्य दिवसांत तो जवळपास दिसलाच नाही.

पण तुमच्या कामाचा आहे तो त्यांचा दुसरा प्रयोग, 1992 चा. पंचवीस वर्षं जिथे दाणे मिळत होते तिथले फीडर त्यांनी काढून टाकले. पिढ्यान्‌पिढ्या आयतं खाल्लेली पाखरं आता काय करतात ते बघायचं होतं. ती, कधीच फीडर न पाहिलेल्या पाखरांइतकीच टिकली. कारण सोपं आहे: फीडर दारात असतानाही ही पाखरं रोजच्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा तिथून घेत होती. बाकीचं सालीखालचे कोळी, किड्यांची अंडी, रानातल्या बिया. आपण स्वतःला अन्नछत्र समजतो, त्यांच्या लेखी आपण वाटेवरची एक टपरी असतो.

एवढंच करा, की बरोबर थंडीच्या लाटेच्या मधोमध अचानक बंद करू नका. जायच्या आधी आठवडाभर रोज थोडे थोडे कमी घाला. आणि जाताना फीडर भरून ठेवून जाऊ नका. रिकामा करा, धुवा, वाळवा, आत ठेवा. का, ते खाली येईलच.

बाजारात मिळणारं "पक्ष्यांचं मिश्रण" आणलं तर निम्मं खाली पडतं आणि तिथेच कुजतं. पाखरं माजली आहेत का?

पाखरं माजलेली नाहीत, मिश्रण स्वस्तातलं आहे. अशा पिशव्यांत गहू आणि लाल ज्वारी भरीला घातलेली असते. सूर्यफूल शोधणारं पाखरू चोचीने एकेक गहू उडवत बसतं, अगदी आपण चिवड्यातले काजू शोधतो तसं.

मी मिश्रण घेणं केव्हाच सोडलं. एका फीडरमध्ये एकच धान्य. सूर्यफुलाच्या काळ्या, पातळ सालीच्या बिया सर्वांत कामाच्या: आतल्या गराचा निम्म्याच्या आसपास भाग तेल असतो आणि साल चिमणीलाही फुटते. पांढऱ्या रेघांच्या मोठ्या बिया जाड सालीच्या, त्या लहान चोचींना जड जातात. बाजरी आणि तिच्या जातीची बारीक धान्यं होल्यांना, चिमण्यांना, मुनियांना आवडतात. तेल कमी, चार-पाच टक्के, पण त्यांची चोच आणि पोट त्यासाठीच बनलंय. ही मात्र टांगू नका, खाली ताटलीत किंवा जमिनीवर मूठभर पसरा, कारण होला टांगलेल्या नळीला लटकून खाईल ही अपेक्षाच चुकीची.

परदेशातल्या दुकानांत "नायजर" नावाचं काळं बारीक बी महागड्या पिशवीत मिळतं, गोल्डफिंच या पाखरासाठी खास म्हणून. एका वाचकाने त्याचा नमुनाच पाठवला होता. पिशवी उघडली आणि मी हसले: आपलं कारळं! भारतात आणि इथिओपियात पिकतं. अमेरिकेत नेताना ते उष्णतेने भाजल्यासारखं करतात, म्हणजे सोबत आलेल्या अमरवेलीच्या बिया तिकडे रुजू नयेत. फक्त एक, कारळं लवकर सुकतं. दोन बोटांत नखाने दाबून पाहा, तेलाचा डाग पडला नाही तर पाखरं ढुंकूनही बघणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

शेंगदाणे द्या, पण कच्चे, बिनमिठाचे, आणि जराही बुरशीचा वास आला तर फेकून द्या. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते लहान यकृताला झेपत नाही. "माणसाला नको झाले म्हणून पाखरांना" हा हिशेब शेंगदाण्यांच्या बाबतीत अजिबात चालवायचा नाही.

पावाबद्दल दर वर्षी विचारलं जातं. तुकडाभर पावाने कुणी मरत नाही. पण थंडीच्या छोट्या दिवसात पाखराला पोट भरायला मोजके तास मिळतात, आणि पावाने पोट भरतं, चरबी साठत नाही. तळणाचं उरलेलं तूप-तेल, खारट काहीही, दूध: नको. पातळ चरबी पिसांना चिकटली की पिसं ऊब धरायचं काम सोडतात. आणि चरबीचे गोळे ज्या नायलॉनच्या जाळीत विकतात, ती जाळी घरी आणताच कापून टाका. तिच्यात अडकलेला पाय सोडवायचा प्रसंग माझ्यावर एकदा आला, पुन्हा येऊ नये.

माझं वय 10 आहे. रात्री आम्ही दोन पांघरुणं घेतो. चिमणीला एकही नसतं. ती गारठत कशी नाही? आणि तिचे पाय तर उघडेच असतात.

तुझा प्रश्न या ढिगातला सर्वांत चांगला आहे, मोठ्यांनी रागावू नये.

पांघरूण तिच्या अंगावरच असतं. थंडीत चिमणी गोल गोळ्यासारखी दिसते ना? ती लठ्ठ झालेली नसते. तिने पिसं फुलवलेली असतात आणि पिसांच्या मध्ये हवा कोंडलेली असते. ऊब ती हवा धरून ठेवते. तुझ्या पांघरुणातही खरं काम हवाच करते. आतलं शरीर मात्र आपल्यापेक्षा गरम, 40-42 अंश. आपल्याला तेवढं झालं तर आई डॉक्टरांकडे नेईल.

पायांत मांस जवळजवळ नसतं, दोऱ्यांसारखे स्नायुबंध असतात, म्हणून गोठायला तिथे फारसं काही नाही. शिवाय बऱ्याच पक्ष्यांच्या पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं थंड रक्त अगदी शेजारून वाहतं. जाणारं येणाऱ्याला जाता जाता आपली ऊब देऊन टाकतं. तरीही गार वाटलं तर एक पाय पिसांत ओढून घ्यायचा, मग दुसरा. उद्या सकाळी बघ, एका पायावर उभं असलेलं पाखरू दिसलं की ते लंगडं आहे असं समजू नकोस.

आणि हे सगळं चालवायला जळण लागतं. दिवसभर खाऊन साठवलेली चरबी लहान पाखरू रात्रभरात जाळतं, कधी कधी वजनाचा दहावा हिस्सा. तुझं वजन 30 किलो असेल तर एका रात्रीत 3 किलो! वर सांगितलेली चिकडी तर कडाक्याच्या रात्री अंगाचं तापमानच 10-12 अंशांनी उतरवते, म्हणजे जळण पुरतं. म्हणून भल्या सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी पाखरं सर्वांत घाईने खातात. तू दाणे घालणार असशील तर त्या दोन वेळा धर.

गेल्या आठवड्यापासून एक होला ताटलीशेजारीच बसून असतो. अंग फुगवलेलं, जवळ गेलं तरी उडत नाही. दाणा उचलतो आणि तोंडातून टाकतो. घशाशी ओलं दिसतं. त्याला अजून मऊ काही देऊ का?

नाही. आज, हे वाचून झाल्यावर लगेच, ताटली उचला. पाण्याचं भांडंही.

रागाने लिहीत नाही, कारण तुमच्या जागी मी उभी राहिले आहे. माझ्या अकराव्या हिवाळ्यात अगदी असाच होला आला होता. मला वाटलं म्हातारा झालाय, दाणे चावत नाहीत. (पाखरं दाणे चावत नाहीत हेही तेव्हा सुचलं नाही.) मी धान्य भिजवून मऊ करून ठेवायला लागले. तो खायचा, ओकायचा, पुन्हा त्याच ताटलीत. चार दिवसांनी तो ताटलीखाली मरून पडला होता आणि तोवर आणखी दोन तसेच बसायला लागले होते. वहीत त्या पानावर फक्त तारीख आहे. काही लिहावंसं वाटलं नाही.

तो म्हातारा नव्हता. लक्षणं पाहता ती ट्रायकोमोनोसिसच असणार, एका सूक्ष्म परजीवीचा रोग. तो घशात आणि अन्नपिशवीत वाढतो, तिथे पिवळट गाठी धरतात, गिळता येत नाही. पाखरू भुकेने मरतं, दाण्यांच्या मधोमध बसून. हा परजीवी कबुतर-होल्यांमध्ये पूर्वापार आहे. एकाने ओकलेला ओला दाणा दुसऱ्याने उचलला, एकाच भांड्यात पाणी प्यायले, की पसरला. त्याचा एक कच्चा दुवा आहे: तो कोरड्यात टिकत नाही. आणि मी काय केलं होतं? धान्य भिजवलं होतं.

ब्रिटनमध्ये 2005 च्या सुमाराला हा रोग होल्यांकडून फिंच कुळातल्या पाखरांत शिरला. ग्रीनफिंच तिथल्या बागांमधला अगदी नेहमीचा, हिरवट, दणकट पक्षी. काही वर्षांत त्याची संख्या इतकी कोसळली की 2021 मध्ये त्याचं नाव तिथल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. फीडरच्या भोवती जमणारी गर्दी हे रोग पसरण्याचं एक मोठं कारण मानलं जातं. आरएसपीबी या तिथल्या पक्षीसंस्थेने 2025 मध्ये सपाट फीडर विकणंच थांबवलं, कारण सपाट पृष्ठभागावर दाणा, विष्ठा आणि लाळ एकत्र येतात.

मग तुम्ही काय करायचं: सगळं उचलून किमान दोन आठवडे बंद. पाखरं पांगली की संसर्गाची साखळी सैल होते. होल्याला पकडून औषध पाजायच्या फंदात पडू नका. वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र जवळ असेल तर त्यांना विचारा. भांडी आधी गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, मग वास जाईपर्यंत धुवा, आणि कडकडीत वाळू द्या. वाळवणं ही शेवटची पायरी आहे म्हणून ती टाळली जाते, आणि खरं औषध तेच आहे. ताटलीखालची जमीनही खरवडून काढा, सालपटं आणि विष्ठा तिथेच साठते.

आजारी पाखरू नसतानाही हे दर पंधरा दिवसांनी करायचं, ओल्या हवेत दर आठवड्याला. माझ्याकडे दोन संच आहेत, एक टांगलेला, एक वाळत असलेला. पाखरांचा ब्रश वेगळा, त्याला लाल दोरा बांधलाय, आणि तो स्वयंपाकघराच्या मोरीत येत नाही. पाखरांमधला हा ट्रायकोमोनोसिस माणसाला होत नाही, पण फीडरवर साल्मोनेला हा जंतूही असू शकतो आणि त्याचा आजार माणसाला होतो. हात धुवा.

कुणी मला विचारलं की हिवाळ्यात पाखरांसाठी आधी काय विकत घेऊ, तर मी ब्रश सांगते. लोकांना वाटतं मी गंमत करते.

पाणी गोठतं. मीठ घातलं तर?

मीठ नको, ग्लिसरीन नको, गाडीत घालतात तसलं न गोठणारं द्रव तर स्वप्नातही नको. सकाळी बर्फ उलटा करून टाका, कोमट पाणी ओता, दुपारी पुन्हा. भांडं गडद रंगाचं, उन्हात, दोन-तीन सेंटिमीटर खोल, मधे एक दगड. पाखरं बर्फही खातात, पण तो वितळवायला अंगातलंच जळण जातं. जिथे पाणी गोठत नाही तिथे हा प्रश्न नाही, पण पाणी रोज बदलायचंच.

फीडर खिडकीपासून चार-पाच मीटरवर ठेवलाय, म्हणजे चहा पिताना दिसतो. महिन्यात तिसरं पाखरू काचेवर आपटलं.

दुर्दैवाने तुम्ही नेमकं वाईट अंतर निवडलंत. डॅनिएल क्लेम नावाचे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ आयुष्यभर याच एका विषयामागे आहेत. त्यांचं सांगणं असं: फीडर काचेपासून मीटरभराच्या आत आणा. जवळ असला तर दचकून उडालेल्या पाखराला वेगच पकडता येत नाही, आपटलं तरी मार लागत नाही. चार-पाच मीटरवर पुरेपूर वेग येतो आणि समोर काचेत झाडं दिसत असतात.

घारीची एकच काळी आकृती काचेवर चिकटवून काही होत नाही, पाखरं तिला वळसा घालून शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात. ठिपके हवेत, बाहेरच्या बाजूने, सगळ्या काचेवर, पाच-पाच सेंटिमीटरवर. मी साबणाच्या वडीने ओढते. पावसात जातात, पुन्हा ओढते.

आपटलेलं पाखरू पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. झाकणाला भोकं. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. तासाभराने बाहेर नेऊन खोकं उघडा.

खारी सगळं खातात.

खातात. दीड मीटर उंच खांब, त्यावर उलटं नरसाळं, आणि चारी बाजूंना तीन मीटरवर उडी मारायला फांदी नको. नाहीतर बियांना लाल तिखट चोळा. तिखटाचा जाळ पाखरांना कळत नाही, जळजळ टिपणाऱ्या ज्या ग्राहीवर तो आपल्या तोंडात पेट घेतो तो त्यांच्यात तिखटाला दादच देत नाही. खारीतला देतो. फक्त हातमोजे घाला आणि वाऱ्याकडे तोंड करून चोळू नका, अनुभवाचे बोल. मी स्वतः हे सगळं सोडून खारीला वेगळी वाटी ठेवते. ती आधी तिची वाटी संपवते आणि मग फीडरवर येते.

आपण निसर्गात ढवळाढवळ करतो आहोत असं नाही वाटत तुम्हाला? रानातल्या जिवाला रानात राहू द्यावं.

वाटतं. ब्लॅककॅप नावाचा एक वटवट्या मध्य युरोपात घरटी करतो आणि थंडीत स्पेनकडे जातो. गेल्या साठेक वर्षांत त्यातले बरेच ब्रिटनकडे जाऊ लागले. तिथे हिवाळे सौम्य झालेत आणि बागेबागेत फीडर आहेत. जर्मनीच्या पेटर बर्टहोल्ड यांनी अशा पाखरांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवली, तर ब्रिटन कधीच न पाहिलेली ती पिल्लंही स्थलांतराच्या वेळी वायव्येकडेच तोंड करू लागली. दिशा रक्तात उतरली होती. 2017 मध्ये आणखी एक शोधनिबंध आला: ब्रिटनमधल्या ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पाखराची चोच हॉलंडमधल्या भाऊबंदांपेक्षा किंचित लांब आहे, आणि लांब चोचीची जनुकं असलेली पाखरं फीडरवर जास्त येतात. तेव्हा ढवळाढवळ होते आहे, नाकारत नाही. गंमत म्हणजे तेच बर्टहोल्ड पुढे पाखरांना बाराही महिने खायला घाला म्हणू लागले. त्यांचं म्हणणं असं की शेतांतून तण आणि किडे आपणच नाहीसे केलेत, ते थोडं तरी परत करा.

माझं मत मधलं आहे. जागा असेल तर सूर्यफुलाची वाळलेली तोंडं कापू नका, पडलेला पालापाचोळा थोडा राहू द्या, किडे त्यातच थंडी काढतात. फीडर हा त्याला पर्याय नाही. आणि ज्याला ब्रश धरायचा कंटाळा आहे त्याने तुमचंच ऐकावं, फीडर लावू नये.

मी 78 वर्षांचा आहे, एकटा राहतो. तुम्ही पाखरांच्या झुंडी लिहिता. माझ्याकडे सकाळी एकच चिमणी येते. एकीसाठी रोज मांडून बसणं हा वेडेपणा नाही ना?

काका, तेवढ्याच बेताने घाला, चमचाभर. अंधार पडायच्या आत उरलेलं उचला, म्हणजे उंदीर येणार नाहीत.

आणि ती एकच आहे हे कशावरून? पक्षी-अभ्यासक पाखरांच्या पायात क्रमांकाची बारीक कडी घालून मोजतात. ज्या बागेत एका वेळी चार-पाच टिट दिसतात, तिथे दिवसभरात कित्येक डझन वेगवेगळ्या येऊन गेलेल्या निघतात. मलाही बरीच वर्षं माझ्याकडे "तीच" चिमणी येते असं वाटायचं, मी तिच्याशी बोलायचेही. मग एका सकाळी तिच्या गळ्याखालचा काळा डाग बघितला आणि लक्षात आलं की आजचा हा नर आहे, काल मादी होती.

तुमच्याकडे दुर्बीण असेल तर उत्तम, नाहीतर चष्मा पुसून बसा. गळ्याचा डाग केवढा, पिसाची एखादी पांढरी रेघ, पायाचं एखादं गेलेलं बोट, असं काही दिसलं तर तारखेसकट लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी कळवा, किती जणी निघाल्या.